एक कौल, चार मांडण्या

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, आणि येथील माणूस आपली ओळख सांगताना तालुक्याचे नाव घेण्याआधी पुष्कळदा 'आम्ही घाटावरचे' किंवा 'आम्ही घाटाखालचे' असेच सांगून मोकळा होतो. घाटाखाली पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, मुंबई-नागपूर लोहमार्ग, त्यावरची मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके, खामगावची कापसाची जुनी पेठ आणि पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, जिजाऊंचे सिंदखेड राजा, आणि आगगाडीचे तोंड आजतागायत न पाहिलेले खुद्द जिल्ह्याचे ठाणे. या १३ तालुक्यांतून राज्याच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेवर सात जण निवडून जातात. निजामाच्या नावाने आणि इंग्रजांच्या हुकमाने चाललेल्या वऱ्हाडचा हा पश्चिमेकडील कोपरा. त्याची गाऱ्हाणी पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात, म्हणजे नागपुरात, रुजू होत. १९५६ साली हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याची फिर्याद सह्याद्री ओलांडून समुद्राकाठी जाऊ लागली. नागपूरला उरले ते वर्षाकाठचे एक अधिवेशन, आणि तेही १९५३ च्या नागपूर कराराच्या पुण्याईवर.

प्रस्तुत लेखाचा विषय चौदावी विधानसभा हा आहे. म्हणजे नोव्हेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ ही पाच वर्षांची मुदत, आणि त्या मुदतीत बुलढाण्याच्या सात सदस्यांच्या नशिबी आलेले बसणे, उठणे आणि बाके बदलणे. या काळात महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री, दोन पक्षांची शकले आणि न्यायालयातील असंख्य तारखा पाहिल्या. परंतु त्या प्रत्येक उलथापालथीच्या ऐन मध्यावर या एका आडबाजूच्या जिल्ह्याचा कोणी ना कोणी सदस्य उभा असावा, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. राजधानीच्या बातमीदारांनी ही कथा दहा-बारा बड्या नावांची म्हणून सांगितली. ती जिल्ह्याच्या उंबरठ्यावरून पाहिली म्हणजे तिचा अर्थ थोडा निराळा दिसू लागतो.

२१ ऑक्टोबर २०१९ रोजी मतदान झाले आणि २४ तारखेस निकाल लागले, तेव्हा जिल्ह्यातील मोठा धक्का घाटाखाली बसला होता. मलकापुरातून १९९५ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले चैनसुख संचेती यांना काँग्रेसचे राजेश एकडे यांनी हरविले. बुलढाण्यात विद्यमान आमदार हर्षवर्धन सपकाळ तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले आणि शिवसेनेचे संजय गायकवाड प्रथमच सभागृहात गेले. चिखलीत दोन वेळा आमदार राहिलेले राहुल बोंद्रे यांचा भाजपच्या श्वेता महाले यांनी पराभव केला. सातांत ही एकच स्त्री, पण चिखलीला स्त्री-आमदाराचे अप्रूप नव्हते, कारण रेखाताई खेडेकर यांनी याच मतदारसंघाचे तीन वेळा प्रतिनिधित्व केलेले होते. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या मेहकरातून शिवसेनेचे संजय रायमुलकर तिसऱ्यांदा, खामगावातून भाऊसाहेब फुंडकरांचे चिरंजीव, भाजपचे आकाश फुंडकर दुसऱ्यांदा आणि जळगाव जामोदमधून भाजपचेच डॉ. संजय कुटे चौथ्यांदा आले. सिंदखेड राजाने एका निवडणुकीच्या खंडानंतर राष्ट्रवादीचे डॉ. राजेंद्र शिंगणे यांना परत पाठविले. हिशेब सरळ होता: एकत्र लढलेल्या भाजप-शिवसेना युतीच्या पदरात पाच, काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पदरात दोन. मतदाराचे काम संपले होते. त्यानंतर पाच वर्षे त्याला कोणी काही विचारले नाही.

ती पाच वर्षे सुरू झाली तीच मुळी एका पहाटेने. २३ नोव्हेंबरच्या शनिवारी ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला. त्या वेळी राजभवनात हजर असलेल्या मोजक्या आमदारांत सिंदखेड राजाचे शिंगणे होते. दुपारच्या आत ते शरद पवारांच्या बाजूला वार्ताहरांसमोर येऊन बसले आणि त्यांनी जे सांगितले ते राज्यभर दाखविले गेले. एका विषयावर चर्चा करावयाची आहे म्हणून अजित पवारांचे बोलावणे आले, तेथून इतर आमदारांबरोबर राजभवनात नेण्यात आले, आणि काय चालले आहे हे उमगण्यापूर्वीच शपथ होऊन गेली. आपण मात्र पवारसाहेबांबरोबरच आहोत. १९९५ पासून सभागृह पाहिलेला, सहकारात वाढलेला, पूर्वी मंत्रिपद भोगलेला हा मुरलेला गृहस्थ; त्याला कोठे नेले जात आहे हे कळू नये, याचे त्या दिवशी अनेकांना हसू आले. मला ते हसू तितकेसे रुचले नाही. आमदाराला मसलतीच्या वेळी बोलावीत नाहीत, मोजदादीच्या वेळी बोलावतात, ही आपल्या विधिमंडळाची खरी वहिवाट त्या कथनात उघडी पडली होती, आणि पुढील पाच वर्षांत ती वारंवार उघडी पडावयाची होती.

पाच दिवसांनी शिवसेना, राष्ट्रवादी व काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे सरकार आले आणि जिल्ह्याची पहिली मांडणी झाली. एकडे, गायकवाड, रायमुलकर आणि शिंगणे असे चौघे सत्तेच्या बाजूस. महाले, फुंडकर आणि कुटे हे तिघे समोर. ज्या मतदाराने युती म्हणून गायकवाडांना किंवा रायमुलकरांना मत दिले होते, त्याचे मत आता काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसले होते. शिंगणे यांच्याकडे अन्न व औषध प्रशासन खाते आणि जिल्ह्याचे पालकमंत्रिपद आले. एरवी भेसळीचे खटले आणि औषधविक्रीचे परवाने एवढ्यावर भागणारे हे खाते. तीन महिन्यांत महामारी आली आणि प्राणवायू व रेमडेसिव्हिर या दोन शब्दांसाठी सारे राज्य त्याच्या दाराशी तिष्ठत उभे राहिले. आमदारांच्या वेतनात वर्षभर ३० टक्के कपात झाली. उलट त्यांचा स्थानिक विकास निधी मात्र याच मुदतीत २ कोटींवरून वाढत वाढत ५ कोटींवर गेला, आणि ही वाढ करताना कोणत्याही बाजूच्या कोणाही सदस्याने हरकत घेतल्याचे स्मरत नाही.

महामारीने विधिमंडळाचे एक वेगळेच नुकसान केले. अधिवेशने दोन-दोन दिवसांची झाली, आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेच नाही. विदर्भाच्या सदस्याला नागपूरचे अधिवेशन म्हणजे काय, हे मुंबईकराला सहसा कळत नाही. तारांकित प्रश्न कोठेही विचारता येतो. लक्षवेधी सूचना कोठेही लागते. परंतु नागपुरात मोर्चे विधानभवनाच्या वाटेवर येऊन थडकतात, गावचा सरपंच अर्जाची गुंडाळी घेऊन आमदाराच्या खोलीवर पोहोचतो, आणि जिगावच्या धरणाचे विस्थापित, खारपाणपट्ट्यातले खाऱ्या पाण्याने मूत्रपिंड गमावलेल्या रुग्णांचे आप्त, कापूस-सोयाबीनच्या भावाची तक्रार घेऊन आलेले शेतकरी यांचा आवाज सभागृहाच्या भिंतीबाहेर का होईना, पण जवळून ऐकू येतो. त्यातच विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. अनुशेष मोजण्यासाठी घटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदाने दिलेली ही व्यवस्था. मार्च २०२१ मध्ये अजित पवार यांनी सभागृहातच सांगून टाकले की राज्यपालांनी विधान परिषदेवरील १२ नावे जाहीर करावीत, दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळे जाहीर करू. मागास भागाचा हक्क आणि बारा नेमणुका यांची अशी उघड अदलाबदल सुचविली गेली, त्यावर विरोधी बाकांवरून गदारोळ झाला, आणि प्रश्न होता तेथेच राहिला.

५ जुलै २०२१ चा दिवस मला या मुदतीतील सर्वांत बोधप्रद दिवस वाटतो, आणि त्याचा नायक म्हणा, बळी म्हणा, जळगाव जामोदचा आहे. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या वाशीम-अकोल्यासह काही जिल्हा परिषदांच्या प्रकरणात इतर मागासवर्गीयांचे राजकीय आरक्षण ५० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे जाते म्हणून रद्द केले होते. त्या संबंधात केंद्राकडून जनगणनेतील सांख्यिकी मागण्याचा ठराव दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी मांडला गेला. सभागृहात भडका उडाला. माईक, घोषणा, अध्यक्षांच्या आसनापर्यंत धाव. सभागृह तहकूब झाल्यावर दालनात तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी पुन्हा बाचाबाची झाली आणि त्यांना शिवीगाळ झाल्याचा आरोप झाला. तो भाजपने नाकारला, पण संध्याकाळच्या आत १२ सदस्य एका वर्षासाठी निलंबित झाले. त्यांत डॉ. कुटे होते. २०१९ च्या उन्हाळ्यात फडणवीसांच्या पहिल्या मंत्रिमंडळात अवघे काही महिने त्यांच्याकडे जे खाते होते, त्यात इतर मागासवर्गाचे कल्याण हाच विषय होता. तोच विषय त्यांना सभागृहाबाहेर घेऊन गेला.

निलंबनाचा राजकीय हिशेब सर्वांना दिसत होता. त्याचा घटनात्मक हिशेब मात्र सर्वोच्च न्यायालयाने मांडला. सदस्याला सभागृहाने हाकलून दिले, तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत तेथे पोटनिवडणूक घ्यावी लागते. सदस्य परवानगीवाचून ६० दिवस गैरहजर राहिला, तर सभागृहाला त्याची जागा रिकामी जाहीर करता येते. पण वर्षभराच्या निलंबनात जागा भरलेलीही असते आणि रिकामीही असते. मतदारसंघाला नवा माणूस मिळत नाही आणि जुना बोलू शकत नाही. म्हणजे ही शिक्षा हकालपट्टीहूनही वाईट, आणि ती सदस्याला नसून त्याच्या मतदारांना. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती खानविलकर यांच्या खंडपीठाने, चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन बेकायदा ठरवून, ठराव रद्दबातल केला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून खारे पाणी पिणाऱ्या माणसाला त्या सहा-सात महिन्यांत आपला आमदार सभागृहात नाही, हे जाणवले असेल का, याविषयी मी साशंक आहे. आमदाराची उणीव त्याला जाणवते ती तहसीलीतल्या अडलेल्या दाखल्यावरून आणि गावच्या अडलेल्या रस्त्यावरून. तरीही प्रतिनिधित्व हे मतदाराचे असते, सदस्याचे नव्हे, हे तत्त्व देशाच्या न्यायशास्त्रात ज्या मतदारसंघांच्या निमित्ताने लिहिले गेले, त्यांत जळगाव जामोद हे एक नाव आहे.

कुटे परतले आणि पाच महिन्यांत वाराच फिरला. २० जून २०२२ च्या रात्री विधान परिषदेच्या निकालानंतर शिवसेनेचे एकनाथ शिंदे बंड करून सुरतेकडे निघाले. त्यांच्या गोटात मेहकरचे रायमुलकर आणि बुलढाण्याचे गायकवाड असे घाटावरचे दोन्ही शिवसैनिक होते. दुसऱ्या दिवशी सुरतच्या त्या हॉटेलात भाजपच्या बाजूने ये-जा करणाऱ्यांत कुटे यांचे नाव वृत्तपत्रांतून झळकले. खामगाव-शेगावला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील बाळापूरचे आमदार नितीन देशमुख सुरतेहून उलट फिरले आणि आपल्याला बळजबरीने नेल्याचा आरोप करीत घरी आले. शेजारशेजारच्या जिल्ह्यांतील शिवसैनिक आमदारांनी अशा दोन वाटा धरल्या. पक्षप्रमुखांच्या बाजूने जी पहिली १६ जणांची अपात्रतेची यादी दाखल झाली, तीत रायमुलकरांचे नाव होते, गायकवाडांचे नव्हते. खासदार प्रतापराव जाधव, ज्यांनी पूर्वी मेहकरचीच आमदारकी तीन वेळा केली होती, तेही पुढे शिंद्यांच्याच बाजूला गेले, आणि घाटावरची शिवसेना जवळजवळ जशीच्या तशी नव्या तंबूत दाखल झाली.

४ जुलै २०२२ रोजी नव्या शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली. हा प्रकार दूरदर्शनवरही पाहण्याजोगा असतो. आवाजी मतदानाच्या गोंगाटात माणूस लपून राहतो; शिरगणतीत एकेक सदस्य आपल्या जागी उभा राहतो, आपला क्रमांक आणि नाव उच्चारतो, आणि खाली बसतो. त्यात भाषण नाही, कारण सांगावे लागत नाही. १६४ विरुद्ध ९९. बुलढाण्यापुरती दुसरी मांडणी अशी झाली: पाच सत्तेत, दोन विरोधात, आणि गंमत अशी की अंकगणिताने पाहिले तर ऑक्टोबर २०१९ मध्ये मतदाराने जो कौल दिला होता, तो अडीच वर्षांच्या फेऱ्यानंतर जसाच्या तसा परत आला. शिंदे गटाचे समर्थक हे आवर्जून सांगत. त्यांचे गणित बिनचूक होते. पण कौल परत येण्यासाठी जो मार्ग अवलंबिला गेला तो सुरत-गुवाहाटीवरून जात होता, मेहकर-बुलढाण्यावरून नव्हे. अपात्रतेचा फैसला व्हायला पुढे दीड वर्ष लागले. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंद्यांची शिवसेनाच खरी ठरविली आणि दोन्ही बाजूंचा कोणीच अपात्र ठरविला नाही.

सत्तांतराबरोबर जिल्ह्यात एक शब्द घरोघर पोहोचला: स्थगिती. आधीच्या सरकारने मंजूर केलेली कामे नव्या सरकारने रोखून धरली. एकाच जिल्ह्यात, कधीकधी एकाच रस्त्यावर, आमदाराची बाजू पाहून काम अडावे किंवा सुटावे असा प्रकार सुरू झाला. प्रकरणे उच्च न्यायालयात गेली. पाच वर्षांत ज्याने ज्याने बाजू बदलली त्याने मतदारसंघात येऊन एकच कारण सांगितले, विकासासाठी निधी. मी या कारणाला सरसकट ढोंग म्हणणार नाही, कारण निधीचे पाणी ज्या पाटाने वाहते त्याच्या तोंडाशी बसल्यावाचून आपले वावर भिजत नाही, हे घाटाखालच्या आणि घाटावरच्या प्रत्येक आमदाराने अनुभवलेले आहे.

बाजू बदलण्याच्या या काळातला सर्वांत करुण प्रसंग पुन्हा सिंदखेड राजाचाच. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर पिंपळखुटा शिवारात नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री त्याच दिवशी घटनास्थळी आले. २ जुलैला, रविवारी, मृतांपैकी बहुतेकांवर बुलढाण्यातच सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. आणि त्याच दुपारी मुंबईत राजभवनात अजित पवार व त्यांचे आठ सहकारी शपथ घेत होते. चिता धगधगत असताना हा सोहळा कशासाठी, असा प्रश्न विरोधकांनी विचारला. तो राजकीय होता तसाच रास्तही होता.

राष्ट्रवादी फुटल्यावर शिंगणे काही काळानंतर अजित पवारांच्या बाजूला गेले. कारण त्यांनी स्वतःच सांगितले: बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. या बँकेची कुंडली जुनी आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या देशातील ज्या २३ जिल्हा बँकांसाठी केंद्राने २०१४ साली पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यांत महाराष्ट्राच्या तीन होत्या, नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. ठेवी अडकलेल्या, पीककर्ज थांबलेले, गावोगावच्या सेवा सोसायट्या पंगू झालेल्या. तिला सरकारकडून सुमारे ३०० कोटींचा आधार मिळावा म्हणून सत्तेबरोबर जाणे भाग पडले, असा शिंगण्यांचा खुलासा होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असता, ते शरद पवारांकडे परतले. म्हणजे तिसरी मांडणी सहा विरुद्ध एक, आणि अखेरच्या महिन्यात चौथी, पुन्हा पाच विरुद्ध दोन. एका बँकेच्या तिजोरीसाठी आमदाराने पक्ष सोडावा हे निंद्य, की ती तिजोरी सरकार कोणाचे आहे हे पाहून उघडावी हे अधिक निंद्य? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

या सगळ्या धामधुमीत मलकापूरचे एकडे सुरुवातीस बसले त्याच पक्षात शेवटपर्यंत बसून राहिले आणि त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे नाट्य घडले नाही. भाजपच्या तिघांचेही तसेच. ते हलले नाहीत, त्यांच्या समोरची बाके हलली. नाट्याची हौस मात्र बुलढाण्याच्या गायकवाडांनी भागविली. वाघाच्या शिकारीची फुशारकी आणि गळ्यातला दात यावरून वनखात्याने नोंदविलेला गुन्हा, राहुल गांधींची जीभ छाटणाऱ्यास ११ लाखांचे बक्षीस जाहीर केल्यावरून पोलिसांनी नोंदविलेला गुन्हा, अशी त्यांची कीर्ती सभागृहातील प्रश्नोत्तरांपेक्षा दूर पोहोचली. शेतमालाच्या भावाचा प्रश्न तर सभागृहाबाहेरच अधिक गाजला. रविकांत तुपकर यांनी सोयाबीन-कापसासाठी मोर्चे काढले, तुरुंग पाहिला, आणि २०२४ च्या लोकसभेला अपक्ष उभे राहून सुमारे अडीच लाख मते घेतली. ज्याची सभागृहात सात माणसे आहेत त्या जिल्ह्याने रस्त्यावरच्या आठव्याला एवढी मते द्यावीत, याची नोंद सातही जणांनी मनात घेतली असणार.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये ठेवतात, मध्ये पानविडा ठेवतात, आणि दुसऱ्या पहाटे धान्य किती हलले यावरून पीकपाण्याचे, तर विडा जागचा हलला की नाही यावरून राजाचे भाकीत सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने पाहावा. पण या मुदतीत राज्यातला विडा इतक्या वेळा हलला की भाकीत करणाऱ्याचीही पंचाईत व्हावी.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि मोजणी झाली ती २३ तारखेला, म्हणजे त्या पहाटेच्या शपथविधीला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, वारही शनिवारच. निकालांतून पक्षांतराविषयी एकसूरी निवाडा शोधू गेलो तर तो सापडत नाही. गायकवाड जिंकले, पण शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या जयश्री शेळके यांच्याविरुद्ध अवघ्या ८४१ मतांनी. त्यांच्याच वाटेने गेलेले रायमुलकर मेहकरात सिद्धार्थ खरात यांच्याकडून हरले. खरात हे मंत्रालयातील सनदी नोकरी सोडून आलेले, ठाकरे गटाचे. गेलेले आणि परतलेले शिंगणे सिंदखेड राजात अजित पवारांच्या पक्षाचे मनोज कायंदे यांच्याकडून ४,६५० मतांनी पडले, आणि तेथे शिंद्यांच्या सेनेचे शशिकांत खेडेकरही रिंगणात होते. कोठेही न गेलेले एकडेही पडले. मलकापूरने संचेतींना परत आणले. महाले यांनी बोंद्रे यांच्यावर ३,२०१ मतांनी निसटती मात केली. फुंडकर आणि कुटे आपापल्या गढ्या राखून राहिले. सात जुन्यांपैकी चौघे परत गेले. २०१९ मध्ये हरलेल्या सपकाळांना मात्र या निकालानंतर तीन महिन्यांनी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद मिळाले.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. पाच वेळा निवडून आलेले कुटे त्यात नव्हते. आकाश फुंडकर यांना कामगार खाते मिळाले. पालकमंत्र्यांच्या बाबतीत जिल्ह्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. २०२२ पर्यंत घरचे शिंगणे होते. मग जळगाव जिल्ह्यातील गुलाबराव पाटील आले. मग पुणे जिल्ह्यातील आंबेगावचे दिलीप वळसे पाटील. जानेवारी २०२५ मध्ये नवी यादी निघाली तेव्हा फुंडकरांकडे शेजारच्या अकोल्याचे पालकत्व सोपविले गेले, आणि सातांपैकी सहा आमदार सत्ताधारी बाकांवर पाठविणाऱ्या बुलढाण्यासाठी साताऱ्याच्या वाईहून मकरंद पाटील नेमले गेले.